विहिरीतलं नायट्रेट आणि तांब्याचे नॅनोकण

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. प्रश्नोत्तरांतला काही भाग शेवटी दिला आहे.)

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे: धातूंचे नॅनोकण वापरून पाण्यातलं नायट्रेट विद्युत्‌रासायनिक पद्धतीनं मोजणं. यातला 'नॅनो' हा शब्द आकर्षक वाटतो, पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा शब्द 'मोजणं' हा आहे. पाण्यात लोह जास्त असलं तर पाणी तांबूस दिसतं, कपड्यांवर डाग पडतात. कठीणपणा जास्त असला तर डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. म्हणजे ते पाणी स्वतःच तक्रार करतं. नायट्रेट तसं काही करत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि पिण्याच्या पाण्यात ज्या प्रमाणात ते सापडतं त्या प्रमाणात चवही नाही. मोजल्याशिवाय ते कळत नाही.

किती चालतं? आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना ५० म्हणते. अमेरिकेचा आकडा वाचलात तर तो १० दिसेल आणि तुम्ही दचकाल. पण तो आकडा नायट्रेटचा नाही, नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचा आहे. नायट्रेट आयनाचं वजन ६२, त्यात नायट्रोजन १४. त्यामुळे १० ला ६२ नं गुणा, १४ नं भागा, ४४ येतात. म्हणजे मर्यादा जवळपास एकच आहे. प्रयोगशाळेचा रिपोर्ट हातात आला की आकडा 'नायट्रेट म्हणून' दिलाय की 'नायट्रोजन म्हणून', हे आधी बघायचं. या एका शब्दामुळे चांगलं पाणी वाईट ठरू शकतं, आणि उलटही.

आता आपल्याकडची परिस्थिती. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात देशभरातल्या भूजलाच्या साधारण २० टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेट मर्यादेच्या वर आढळलं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून जास्त आहे. सर्वाधिक बाधित म्हणून ज्या जिल्ह्यांची नावं त्यात आहेत त्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ, असे आपले सात जिल्हे आहेत. आज ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी काही जण तिथलेच असतील.

हे येतं कुठून? शौचालयांचे खड्डे, गोठे, उकिरडे, हे सगळं आहेच. पण मोठा वाटा खताचा. एक हिशेब करून बघू. युरियाची गोणी ४५ किलोची. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे गोणीत सुमारे २०.७ किलो नायट्रोजन. मातीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. सगळ्याचं नायट्रेट झालं असं धरलं तर ९० किलोच्या थोडं वर नायट्रेट होतं. आता ४५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं हे किती पाण्याला पुरेल? सुमारे २० लाख लिटर. सहा मीटर व्यासाच्या, सहा मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण १ लाख ७० हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एक गोणी अशा बारा विहिरी शून्यापासून मर्यादेपर्यंत नेऊ शकते. प्रत्यक्षात एवढं होत नाही, पीक बरंच उचलतं, काही हवेत जातं. पण जे उरतं त्याला माती धरून ठेवत नाही. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे पावसाच्या पाण्याबरोबर ते सरळ खाली उतरतं. आपली काळी माती अमोनियमला धरते, नायट्रेटला सोडून देते.

आणि यात धोका कुणाला आहे? १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलेली तान्ही बाळं निळी पडत होती. हृदयाचा दोष नाही, फुफ्फुसाचा नाही. कारण निघालं विहिरीतलं नायट्रेट. होतं असं की पोटातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, आणि ते नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाची अवस्था बदलतं. मग ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात हे दुरुस्त करणारं विकर भरपूर असतं, तान्ह्या बाळात ते कमी असतं. शिवाय बाळाच्या जठरात आम्ल कमी, म्हणून तिथे जिवाणूंना वाव जास्त. नंतरच्या संशोधकांनी असंही म्हटलंय की जुलाब, पाण्यातले रोगजंतू यांचाही या आजारात हात असतो. ते मान्य करूनही, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला बाटलीनं दूध देणाऱ्या घरात विहिरीचं नायट्रेट किती आहे हे माहीत असायलाच हवं.

'नायट्रेटचं नायट्राइट होतं' हे वाक्य लक्षात ठेवा. बाळाच्या पोटात जी क्रिया नको, तीच क्रिया आपण तांब्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम घडवणार आहोत, आणि तिच्यावरून मोजणार आहोत.

आज नायट्रेट मोजतात कसं? प्रयोगशाळेत अतिनील प्रकाश टाकून, २२० नॅनोमीटरला किती शोषला जातो ते बघतात. सेंद्रिय पदार्थ असले की तेही तिथे शोषतात, म्हणून २७५ ला दुसरं माप घेऊन दुरुस्ती करतात. दुसरी पद्धत म्हणजे कॅडमियमच्या स्तंभातून पाणी सोडून नायट्रेटचं नायट्राइट करायचं आणि ग्रीस यांच्या रंगक्रियेनं गुलाबी रंग मोजायचा. पद्धत उत्तम, पण पाणी तपासण्यासाठी कॅडमियमसारखा विषारी धातू हाताळायचा आणि मग तो टाकायचा कुठे, हा प्रश्न राहतो. आयन क्रोमॅटोग्राफी अचूक आहे, पण ते यंत्र तालुक्याच्या गावी नेऊन ठेवण्याजोगं नाही. गावात काय आहे? जल जीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना फील्ड टेस्ट किट वापरायला शिकवतात. त्यात रंग जुळवून बघायचा असतो. 'मर्यादेच्या खूप खाली' आणि 'खूप वर' हे त्यानं चांगलं कळतं. पण ४० की ५५, हे संध्याकाळच्या उजेडात फिकट आणि जरा गडद गुलाबीतून ओळखणं अवघड. आणि निर्णय नेमका तिथेच घ्यायचा असतो.

म्हणून ग्लुकोमीटरसारखं काहीतरी हवं. मधुमेहाच्या रुग्णाला आज रंग जुळवावा लागत नाही. पट्टीवर थेंब ठेवला की आकडा येतो. ती पट्टी म्हणजे छापलेला इलेक्ट्रोड आहे, आणि आकडा येतो विजेच्या प्रवाहावरून. तसं नायट्रेटचं का होत नाही?

होऊ शकतं, पण नायट्रेट हट्टी आहे. मधे नायट्रोजन, भोवती एका पातळीत तीन ऑक्सिजन, आणि ऋण भार तिघांत सारखा वाटलेला. कागदावरच्या ऊर्जेच्या हिशेबानं त्याचं क्षपण सहज व्हायला हवं. म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन दिला की त्यानं घ्यायला हवा. प्रत्यक्षात साध्या कार्बनच्या इलेक्ट्रोडवर तो जवळपास काहीच करत नाही. पहिला इलेक्ट्रॉन स्वीकारणं हीच अवघड पायरी आहे. विभव खूप ऋण बाजूला न्यावं तर पाण्यातूनच हायड्रोजन सुटायला लागतो, आणि त्याच्या गदारोळात नायट्रेटचा आवाज ऐकू येत नाही.

इथे तांबं उपयोगी पडतं. तांब्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जापातळी आणि नायट्रेटची रिकामी पातळी एकमेकांच्या जवळ आहेत, त्यामुळे देवाणघेवाण सोपी होते. नायट्रेट पृष्ठभागावर टेकतं, दोन इलेक्ट्रॉन घेऊन नायट्राइट होतं, आणि पुढे सरकत गेलं तर एकूण आठ इलेक्ट्रॉन घेऊन अमोनिया होतं. एकेका नायट्रेटमागे जितके जास्त इलेक्ट्रॉन, तितका प्रवाह मोठा. चांदी बहुतेक नायट्राइटपाशीच थांबते. प्लॅटिनमवर हायड्रोजनच जागा अडवून बसतो. पॅलेडियम आणि तांब्याची जोडी पाण्यातलं नायट्रेट काढून टाकण्यासाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी पुढे आली: तांब्यानं पहिली पायरी करायची, पॅलेडियमनं पुढची. मोजण्याच्या कामात मात्र एकटं तांबंही बरंच काम भागवतं, आणि ते स्वस्त आहे.

मग नॅनोकण कशाला? पत्रा का नाही चालत?

एक घन सेंटिमीटर तांब्याचा ठोकळा घ्या. जवळपास नऊ ग्रॅम. त्याचं पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर. तो दहा-दहा नॅनोमीटरच्या घनांमध्ये कापला तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होतं. कबड्डीचं मोठं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. अशी साडेचार मैदानं, नऊ ग्रॅम तांब्यात. आणि दहा नॅनोमीटरच्या कणात आठ-दहा अणूंमागे एक अणू पृष्ठभागावर असतो. पत्र्यात जवळपास सगळे आतच अडकलेले असतात.

आता एक सावधगिरीची गोष्ट. बऱ्याच विद्यार्थ्यांचा समज असतो की क्षेत्रफळ शंभर पट झालं की प्रवाह शंभर पट होणार. तसं होत नाही. एसटी स्टँडवर तिकिटाच्या खिडक्या दोनच असतील आणि गर्दी मोठी असेल, तर खिडक्या वाढवल्या की काम भरभर होतं. पण स्टँडचं फाटकच अरुंद असेल, माणसं एकेक करूनच आत येत असतील, तर वीस खिडक्या उघडूनही तिकिटं फाटकाच्याच वेगानं जाणार. इथलं फाटक म्हणजे विसरण. नायट्रेट पाण्यातून पृष्ठभागापर्यंत किती वेगानं पोचतं ते. नॅनोकणांचा खरा फायदा असा की मंद क्रियेला इतक्या जागा मिळतात की ती कमी ऋण विभवाला होते, हायड्रोजन सुटायच्या आधी, आणि टोक स्वच्छ दिसतं. त्यानंतर आणखी कण ठासून भरण्यात अर्थ नाही. उलट, क्षेत्रफळाबरोबर पार्श्वभूमीचा, निव्वळ पृष्ठभाग भारित करणारा प्रवाहही वाढतो.

हे कण बनवायला मोठं यंत्र लागत नाही. मोरचूद तुम्हाला माहीत आहे, द्राक्षाच्या बागेत बोर्डो मिश्रणात वापरतात, तेच कॉपर सल्फेट. त्याच्या पातळ आम्लयुक्त द्रावणात कार्बनचा इलेक्ट्रोड बुडवायचा, काही सेकंद ऋण विभव द्यायचं, आणि त्यावर तांब्याचे कण बसतात. विभव आणि वेळ बदलून कणांचा आकार आणि दाटी बदलता येते. कार्बन म्हणून साधी पेन्सिलची शिसंही चालते. महाविद्यालयातल्या मुलांनी करून बघावं असा प्रयोग आहे.

हल्ली कडुलिंबाच्या नाहीतर तुळशीच्या अर्कात नॅनोकण बनवायची मोठी लाट आहे. बनतात, वाद नाही. पण त्या अर्कातले सेंद्रिय रेणू कणांवर पांघरुणासारखे बसतात, म्हणून तर कण एकमेकांना चिकटत नाहीत. तेच पांघरूण नायट्रेटला तांब्यापर्यंत पोचू देत नाही. औषधासाठी ते ठीक असेल. संवेदकासाठी मला उघडं तांबं हवं.

जरा इतिहासाकडे वळतो, कारण मला तो आवडतो. इलेक्ट्रोड, आयन, कॅथोड हे शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केले. आणि त्याच फॅरडेंनी १८५७ मध्ये सोन्याचे इतके बारीक कण पाण्यात तयार केले की पाणी माणकासारखं लाल दिसू लागलं. त्यांच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही आहेत. आजच्या विषयाचे दोन्ही धागे एकाच माणसाच्या हातून गेले होते.

आता मोजमाप. तीन इलेक्ट्रोड: एक तांब्याचे कण बसवलेला, एक चांदी व सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड, आणि तिसरा प्रवाह पूर्ण करणारा. विभव हळूहळू ऋण बाजूला न्यायचं. एका ठिकाणी प्रवाहाचं टोक येतं. त्याची उंची नायट्रेटच्या प्रमाणात. यासाठी लागणारं उपकरण पूर्वी टेबल व्यापायचं, आज मोबाइलला जोडता येईल एवढं होतं.

शोधनिबंध वाचलेत तर तुम्हाला एक शर्यत दिसेल: कोण किती कमी नायट्रेट ओळखतो. एक मायक्रोमोल, त्याच्याही खाली. इथे माझं मत स्पष्ट आहे. ४५ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ७२५ मायक्रोमोल. विहिरीच्या पाण्यासाठी एक मायक्रोमोल ओळखता येणं म्हणजे भाजीच्या तराजूला सोनाराचा काटा लावण्यासारखं. समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्यासाठी ती गरज खरी आहे, तिथे नायट्रेट खरोखर इतकं कमी असतं. विहिरीची अडचण वेगळी आहे. विहिरीत नायट्रेट एकटं नसतं.

पहिला त्रास ऑक्सिजनचा. हवेच्या संपर्कातल्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो, म्हणजे पाव मिलिमोल. तोही याच विभवाला क्षपित होतो, आणि एकेक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो. मर्यादेवरचं नायट्रेट पाऊण मिलिमोलच्या जरा खाली. क्रिया नायट्राइटपाशीच थांबली, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन, तर ऑक्सिजनचा वाटा नायट्रेटच्या जवळपास दोन-तृतीयांशाएवढा होतो! प्रयोगशाळेत दहा-पंधरा मिनिटं नायट्रोजन वायू फुंकून ऑक्सिजन काढतात, आणि निबंधात त्याची एक ओळ असते. हातपंपापाशी सिलिंडर कोण नेणार? तिथे सल्फाइट टाकून ऑक्सिजन संपवावा लागतो, नाहीतर त्याचं माप वेगळं घेऊन वजा करावं लागतं.

दुसरा क्लोराइडचा. पिण्याच्या पाण्यात २५० मिलिग्रॅम क्लोराइड मान्य आहे, म्हणजे सात मिलिमोल, नायट्रेटच्या दहापट. क्लोराइड तांब्याला चिकटतं, जागा अडवतं, तांबं गंजायला मदत करतं.

तिसरा त्रास आपल्याकडे विशेष. नायट्रेट आणि ऑक्सिजनच्या क्षपणातून हायड्रॉक्साइड तयार होतं, इलेक्ट्रोडलगतचं पाणी अल्कधर्मी होतं, आणि पाणी कठीण असेल तर तिथे कॅल्शियम कार्बोनेट बसतं. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच, इथे नॅनोकणांवर. सकाळी उत्तम चालणारा सेन्सर दुपारी आंधळा. ऊर्ध्वपातित पाण्यात नायट्रेट घालून काढलेल्या सुंदर आलेखात यातलं काहीच दिसत नाही. नमुन्यात थोडं आम्ल घालून सामू दोन-तीनवर आणला की हा थर बसत नाही, आणि तांब्यावरचं टोकही सुधारतं. म्हणजे पट्टीबरोबर आम्लाची छोटी कुपी आली.

चौथी गोष्ट, तांबं मळतं. देवघरातला तांब्या काळवंडला की आपण चिंच लावून घासतो. इलेक्ट्रोडला चिंच लावता येत नाही, पण त्याहून सोपं करता येतं: विभव उलट दिशेला नेऊन जुनं तांबं विरघळवून टाकायचं आणि नवं बसवायचं. दर मापाला कोरा पृष्ठभाग. मला स्वतःला महिनोन्‌महिने टिकणाऱ्या इलेक्ट्रोडपेक्षा हा मार्ग, किंवा ग्लुकोमीटरसारखी एकदाच वापरायची पट्टी, जास्त पटते.

आणि प्रत्येक विहिरीचं पाणी वेगळं, मग प्रमाणीकरण कसं करायचं? त्याच नमुन्यात माहीत असलेलं नायट्रेट घालून पुन्हा मोजायचं. समजा आधी टोक १२ मायक्रोअँपिअर आलं. मग २० मिलिग्रॅम प्रतिलिटर इतकी भर पडेल असं नायट्रेट घातलं, टोक १८ झालं. म्हणजे २० ला सहा वाढले, म्हणून १२ म्हणजे ४० मिलिग्रॅम. क्लोराइडनं टोक अर्धं केलं असेल तर दोन्ही मापं सारखीच अर्धी होतात आणि उत्तर तेच राहतं. ऑक्सिजनचा भाग मात्र आधी वजा केलेला हवा, तो या युक्तीनं जात नाही.

प्रश्नोत्तरे

प्रश्न: सर, आमच्याकडे पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवतात. मग त्यानं नायट्रेट कमी होत असेल ना?

नाही. चांगला प्रश्न आहे, कारण आत्ताच मी तांब्याची स्तुती केली. पण इलेक्ट्रॉन तांबं स्वतःच्या खिशातून देत नाही, ते बाहेरच्या विजेवर मिळतात. हंड्याला वीज जोडलेली नाही. हंड्यात काही रोगजंतू मरतात हे खरं आहे, नायट्रेट मात्र तेवढंच राहतं.

प्रश्न: उकळलं तर?

उलट वाढतं. पाण्याची वाफ होते, नायट्रेट मागे राहतं. तुरटी, क्लोरीन, कापडाची गाळणी, कशानंही जात नाही. आरओनं बरंच कमी होतं.

प्रश्न: असा सेन्सर हाती येईपर्यंत आम्ही काय करायचं? आमच्या वाडीत बोअरचंच पाणी आहे.

जिल्ह्याच्या किंवा उपविभागाच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. बोअर आधी थोडा वेळ चालू ठेवा, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं दोन-तीनदा खंगाळा, भरून बर्फात ठेवा आणि ४८ तासांच्या आत पोचवा. उन्हात पडून राहिली तर बाटलीतले जिवाणूच आकडा बदलतात. एकदाच तपासून थांबू नका. उन्हाळ्याच्या शेवटी एकदा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा. वाडीत कुणाकडे बाटलीवरचं तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्याच्या दुधासाठी दुसरीकडचं, तपासलेलं पाणी आणा.